नऊ घरांचा नकाशा

प्रिय एमेशे,

तुझ्या फॉर्मातला सतरावा प्रश्न असा होता : 'तुमच्या मालकीचं काय काय आहे?' पुढं तीन चौकटी. काहीच नाही, थोडंफार, बऱ्यापैकी. मी तेव्हा चुलीत लाकूड सारत होतो, नुसती मान हलवली, आणि तू 'थोडंफार'वर खूण करून मोकळी झालीस. ती नोंद चुकली. चुकलेली नोंद मला सुखानं बसू देत नाही हे तू जाणतेस, म्हणून आज नीट लिहून देतो. मालकीचं म्हणजे मी माझ्या हातांनी केलेलं. दुसऱ्या कुठल्या अर्थानं माझ्या मालकीचं कधी काही नव्हतं. तर : एक घर, आतून तीन मीटर वीस बाय चार मीटर दहा, भिंतीला दुहेरी फळी आणि मधे दाबून भरलेला भुसा. एक चूल, जुन्या गॅसच्या टाकीची, धूर सगळा नळीतून वर, आत डोळा चुरचुरला तर माझं नाव बदला. एक खिडकी, भंगारात निघालेल्या ट्रामच्या काचेची. एक टेबल, खाचेत खाच बसवलेलं, एकही खिळा नाही. छपराला पन्हळ आणि खाली दोनशे लिटरचं पिंप. नऊ घरांना मिळून पाण्याची एक हातगाडी. इर्माला बसायची खुर्ची, उजवा हात डाव्यापेक्षा दोन सेंटिमीटर उंच, कारण तिचा उजवा खांदा उतरलेला. पोगाचा नावाच्या कुत्रीला खोपटं. लोय्झीच्या कोटाला अक्रोडाच्या लाकडाची सात बटणं, प्रत्येक माझ्या अंगठ्याएवढं. आणि एक नकाशा.

यातलं आज शिल्लक आहे ते बटणं आणि नकाशा. बटणं इर्माकडे आहेत. नकाशा कचेरीत आहे. हे पत्र त्या नकाशाबद्दल आहे, पण तिथपर्यंत मला माझ्या चालीनं येऊ दे. एकदम लिहायला बसलो की पेन थांबतं. तीन कागद असे वाया गेले, आणि कागद मागडीचे आहेत.

मागडी, आपली सूपाच्या गाडीवरची, तिनंच तुझा पत्ता दिला. तू शिक्षण सोडून आईच्या दुकानात गल्ल्यावर बसतेस म्हणाली. एकतीस मार्चच्या आत विद्यापीठाला कळवलं नाहीस तर तुझं नाव कायमचं काढतील हेही म्हणाली. आज बारा मार्च आहे. पत्राला तीन दिवस लागतात, पोस्टमन आमच्या भागातल्यासारखा असेल तर पाच. म्हणजे तुझ्याकडे निदान चौदा दिवस उरतील. मी हिशेब करून लिहितो आहे. तू परत जावंस एवढ्यासाठी लिहितो आहे. का जावंस ते पुढं येईल.

तू पहिल्यांदा रानात आलीस तो फेब्रुवारीतला दिवस मला आठवतो, आणि तुझे बूट आठवतात. कॅनव्हासचे. उणे सहा तापमान आणि पोरगी कॅनव्हासच्या बुटांत बेघरांची गणती करायला आलेली. सरळ चालत आलीस ती इर्माच्या कपड्यांच्या दोरीत मान अडकवून थांबलीस. इर्मा दारातून ओरडली, "अगं ए, आम्हाला मोजायला आलीस का स्वतः गोठायला? ये आत, आधी पाय चाचपू दे." मग तुला चुलीपाशी बसवून तिनं पावाच्या तुकड्यावर चरबी फासली, वर कांदा, वर पाप्रिका, आणि तू म्हणालीस, "आजी, मला तुमच्याकडून काही घ्यायची परवानगी नाही." तेव्हा लोय्झी, ज्याला एरवी तोफ उडाली तरी ऐकू येत नाही, त्याला नेमकं हे ऐकू आलं. म्हणाला, "परवानगी कुणाची? या घरात परवानगी इर्मा देते. मला विचार, एकेचाळीस वर्षं घेतोय." तू खाल्लास. दोन तुकडे. मी मोजले.

नंतर माझ्याकडे आलीस आणि भांडण झालं. मी नाव सांगितलं, बोग्नार देझो, आणि तू कागदावर लिहिलंस 'चौदा'. मी म्हणालो, मी चौदा नाही. तू समजावत बसलीस की नियम आहे, नाव लिहायचं नाही, नेमकी जागा लिहायची नाही, 'शहराच्या पूर्वेकडचा झाडीचा भाग' एवढंच लिहायचं. म्हणालीस, "काका, हे तुमच्याच भल्यासाठी आहे." मी म्हणालो, "माझ्या भल्यासाठी आजवर जेवढं झालं त्याची मोजणी केली तर तुझा फॉर्म पुरणार नाही." तू हसलीस, पण लिहिलंस चौदाच. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्या रानात तेव्हा एकच शहाणं माणूस होतं आणि त्याचे पाय ओले होते.

मला राग का यायचा ते तुला अर्धंच माहीत आहे. मी आठवीतून शाळा सोडली आणि रेल्वेचे डबे बांधायच्या कारखान्यात लागलो. आखणीच्या खोलीबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात एक फाटकं पुस्तक सापडलं, यंत्रांची आखणी कशी करावी याचं, पहिली अकरा पानं नसलेलं. त्यावरून मी शिकलो, जेवणाच्या सुट्टीत, तीन वर्षं. पहिल्या अकरा पानांत काय होतं ते मी स्वतः शोधून काढलं. दरवाजाच्या एका बिजागरीची आखणी चुकलेली मी दाखवून दिली तेव्हा मुख्य आखणीकार म्हणाला, "बोग्नार, तू वेल्डर आहेस ना? मग वेल्ड कर." बिजागरी मात्र बदलली. त्या कारखान्यानं मला एक गोष्ट शिकवली : ज्या भागाची आखणी नाही तो भाग नाहीच. कितीही चांगला घडवलेला असो, कागदावर नसेल तर भंगार. मग कारखाना बंद पडला, मग लग्न मोडलं, मग बिऱ्हाड गेलं, आणि ओळखपत्र नवं करून घ्यायला गेलो तेव्हा पत्त्याच्या जागी नुसतं विभागाचं नाव छापून मिळालं. रस्ता नाही, क्रमांक नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, "तुमच्यासारख्यांचं असंच असतं." नऊ वर्षं ते कार्ड खिशात आहे. मी ते कधी कुणाला दाखवलं नाही, तुलाही नाही.

मे महिन्यात माझा नामदिन आला, कॅलेंडरात माझ्या नावाचा असतो तो दिवस. तू एव्हाना तीन महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी येत होतीस, बूट बदलले होते, आणि इर्मा तुला भाच्यापुतण्यांतली धरून चालली होती. तू मला तीन कडांची मोजपट्टी दिलीस, आखणीकार वापरतात ती, खरी. मी घरात जाऊन दार लावून घेतलं होतं. तू बाहेरून विचारत होतीस, "काका, आवडली नाही का? बदलून आणू का?" बदलून! माझ्या आयुष्यात मला योग्य भेट देणारं ते पहिलं माणूस आणि ते बदलून आणायला निघालं होतं.

त्या पट्टीसाठी काहीतरी आखायला हवं होतं, म्हणून रानाचा नकाशा. तू टेपचं दुसरं टोक धरायचीस. तुला आठवतं, पहिल्या दिवशी तू अंतर पावलांत लिहून आणलंस आणि मी तुझं पाऊल मोजलं? बासष्ट सेंटिमीटर, आणि चढाला अठ्ठावन्न. तू म्हणालीस, "काका, चार सेंटिमीटरनं काय बिघडतं?" मी म्हणालो, चार सेंटिमीटरनं दार लागत नाही. नऊ घरं, एकास दोनशे या प्रमाणात. पाण्याची वाट, रुळांपासूनचं अंतर, प्रत्येक घराचं दार कुठल्या दिशेला, छपराचा उतार, कोणतं घर कुठल्या झुडपाआड दडलंय तेही. लोय्झी रोज येऊन विचारायचा, "माझं घर आलं का कागदावर?" आणि ज्या दिवशी आलं त्या दिवशी त्यानं इर्माला हाताला धरून आणलं, तिला दिसत नाही तर तिचं बोट रेघेवर ठेवलं, "हे बघ, हे आपलं. तिसरं." खाली उजव्या कोपऱ्यात मी माझं नाव लिहिलं, जसं लिहितात तसं. आखणी : बोग्नार देझो. तू फोटो काढलास, तुझ्या विद्यापीठातल्या बाईंना दाखवलास.

त्या दोघांबद्दल तू तुझ्या अहवालात एक अख्खं पान लिहिलंस, 'जोडपं, क्रमांक पाच आणि सहा'. चांगलं लिहिलंस. त्याचे हात कापतात म्हणून रोज सकाळी ती त्याचा कोट लावून देते, तिला दिसत नाही म्हणून बटणं चाचपत वरून खाली जाते, आणि तो तोवर तिला आज आभाळ कसं आहे ते सांगतो. शहरातले निवारे बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे, कुत्र्याला कुठंच नाही, म्हणून ती दोघं रानात होती, हे तू आकड्यांसकट मांडलंस. एक गोष्ट तुझ्या पानात नाही. ती मोठी बटणं मी मुद्दाम केली होती, लोय्झीला स्वतःला लावता यावीत म्हणून. त्याला दिली तर म्हणाला, "झकास आहेत, देझो. पण इर्माला सांगू नकोस की मला जमतं."

जूनमध्ये तुझा अहवाल छापून झाला आणि तू मला प्रत आणून दिलीस. मी शेवटापासून उघडला, कारण नकाशे शेवटी असतात. नकाशा नव्हता. पुन्हा पाहिलं. 'शहराच्या पूर्वेकडचा झाडीचा भाग'. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. म्हणालीस, "काका, मी मुद्दाम गाळला. बाई पण म्हणाल्या, इतका नेमका नकाशा चुकीच्या हातात पडला तर..." मी तुला वाक्य पुरं करू दिलं नाही. मी म्हणालो, "पहिली अकरा पानं माझ्याकडे कधीच नव्हती. शेवटचं एक तू काढलंस." तुला ते कळलं नसणार. तू रडतच गेलीस. तुझं रानातलं काम त्या आठवड्यात संपलं, आणि आपण एकमेकांना धड निरोपही दिला नाही.

ऑक्टोबरचा दिवस तू पाहिलास. मागडीचा फोन येताच तू धावत आलीस तेव्हा पहिली चार घरं पडली होती. याआधी दोनदा घरं पाडायला माणसं आली होती, दोन-तीन झोपड्या सापडल्या, काटेरी झुडपांना शिव्या देत परत गेली. रानच आम्हाला झाकायचं. या वेळी ते एक ते नऊ क्रमानं आले. एकही वाट चुकले नाहीत. त्यांच्या मुकादमाच्या हातात कागद होता, आणि तू तो ओळखलास. इर्मा खुर्चीवर बसून होती, खुर्ची तिच्यासकट उचलावी का नाही यावर दोन माणसं वाद घालत होती. लोय्झी पोगाचाला कोटाच्या आत लपवत होता आणि ती भुंकत होती. तू माझ्याजवळ येऊन माझी बाही धरलीस आणि म्हणालीस, "काका, माझ्यामुळं झालं. माझ्या फोटोतून गेला. मी कुणाकुणाला दाखवला, मी का दाखवला." मी काही बोललो नाही. तू ते पाच-सहा वेळा म्हणालीस. मी काही बोललो नाही. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तू लावलास, आणि तो घेऊन तू बाईंकडे गेलीस, विद्यापीठाच्या समितीपुढे बसलीस, लिहून दिलंस की दोष तुझा, आणि गावी गेलीस.

लोय्झीचं तुला मागडीनं कळवलंच असेल. पण तिला सगळं ठाऊक नाही. तो नदीअलीकडच्या पुरुषांच्या निवाऱ्यात, माझ्या शेजारच्या पलंगावर. इर्मा नदीपलीकडे. निवारा सकाळी आठला बाहेर काढतो. लोय्झी रोज दोन ट्राम बदलून तिच्या दाराबाहेर जाऊन बसायचा, कारण आत पुरुषांना सोडत नाहीत, आणि तिला एकटीला बाहेर येता येत नाही. कुणी मोकळं असेल तर तिला दारापर्यंत आणून सोडायचं. नसेल तर तो पाचपर्यंत बसून परत यायचा. मी सकाळी त्याचा कोट लावायला गेलो की हात झटकायचा. "तू नको. तुझे हात थंड आहेत." तो स्वतः लावू शकत होता, एमेशे. तुला सांगितलं ना, त्याला जमायचं. त्यानं लावला नाही. डिसेंबरच्या अकरा तारखेला दुपारी तो ट्रामच्या थांब्यावर बसलेला सापडला, दार समोर दिसेल असा, कोट सताड उघडा. डॉक्टर म्हणाला, छातीत कफ होता, आठवडाभर असावा. इर्मानं कोट मागितला. तिला देताना मी बटणं मोजली. सातही होती.

आता नकाशा.

तुझा फोटो कुठंही गेला नाही. जुलैच्या नऊ तारखेला, मंगळवारी, मी इस्त्रीचा सदरा घालून विभागाच्या कचेरीत गेलो. गुंडाळीत मूळ नकाशा, सोबत दोन पानी अर्ज, की सोबत जोडलेल्या आखणीनुसार रानात नऊ पक्की घरं आहेत, सबब त्यांना क्रमांक द्यावेत आणि राहणाऱ्यांच्या ओळखपत्रावर पत्ता छापावा. तू गाळलंस ना, मग मी दाखवतो, असं माझ्या मनात होतं. कागद पुरेसा अचूक असेल तर जगाला तो मानावाच लागतो, असं मला या वयातही वाटत होतं. खिडकीतली बाई वाईट नव्हती. तिनं नकाशा उलगडला आणि विचारलं, "हा कुठल्या कंपनीकडून करून घेतलात?" मी म्हणालो, मी केला. तिनं मागं वळून हाक मारली, "बोझेना, इकडं ये, हे बघ, बापरे, काय सुंदर काम आहे!" तिघी जणी जमल्या. एकीनं विचारलं, हा छोटा चौकोन काय? मी म्हणालो, कुत्रीचं खोपटं. त्या हसल्या, चांगल्या हसल्या. अर्जावर शिक्का बसला, आवक क्रमांक मिळाला. बाहेर येऊन मी चौकात तळलेल्या पिठाचा एक मोठा लांगोश घेतला, वर आंबट साय आणि चीज, उभ्या उभ्या खाल्ला. छप्पन्न वर्षांत मी इतका खूश कधी नव्हतो. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे, लोय्झीच्या कोटापेक्षाही, की तो माझा सगळ्यात आनंदाचा दिवस होता. कागद खिडकीतून आत गेला आणि आतल्या आत, एका टेबलावरून दुसऱ्यावर, जिथं जायचा तिथं गेला. नऊ घरांना क्रमांक मिळाले. पाडताना ती क्रमानंच पाडली.

तुझ्या हातातून बाही सोडवून मी त्या दिवशी एक गोष्ट केली होती, आठवते का? मुकादमानं नकाशा उलटा धरला होता, उत्तर दिशा खाली. मी पुढं होऊन तो सरळ केला. न राहवून. तुला वाटलं असेल, काकांची सवय. मी जानेवारीत इर्माकडे गेलो, दाराबाहेर तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं. मला दिसत नाही, पण ऐकू येतं. तू त्याला म्हणालास, असा धरा. मालकासारखा म्हणालास." मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "माझ्यापाशी नको. माझ्याकडे आता द्यायला काही नाही. ती पोरगी तुझं ओझं घेऊन गेली, ते आधी उतरव." तरी मला दोन महिने लागले. जे काही हातानं करायचं असतं ते मी पटकन करतो. हे तसलं नव्हतं.

पत्रासोबत आवक क्रमांकाची पावती आहे, तारीख वाच, शिक्का वाच. काल हीच पावती आणि माझं सहीनिशी लेखी निवेदन मी तुझ्या बाईंना हातात देऊन आलो. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तिनं एकदा तरी विचारायला हवं होतं तुम्हाला." मी म्हणालो, "विचारलं होतं, बाई. सहा वेळा." त्या समितीला कळवणार आहेत. तुझी जागा अजून आहे, पण अर्जावर सही तुझी लागते, ती मी करू शकत नाही. तुला माझा राग येऊ दे, तो रास्त आहे, मला पत्र लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. पण नाव गाळायचं, जागा गाळायची, नकाशा गाळायचा हे ज्याला कळतं असं माणूस त्या कामावर हवं. ते तुला कॅनव्हासच्या बुटांत कळत होतं. मला लोय्झी गेल्यावर कळलं.

एक दुरुस्ती राहिली. तेविसावा प्रश्न : 'गेल्या सहा महिन्यांत कामाची संधी आली का? आली असल्यास का स्वीकारली नाही?' तेव्हा मी 'नाही' म्हणालो होतो. आता उत्तर बदललं आहे. नोव्हेंबरात एक तरुण अभियंता मला शोधत निवाऱ्यात आला. रानं मोकळी करायचं काम घेतलेल्या ठेकेदाराचा माणूस, हातात माझ्या नकाशाची प्रत. "बोग्नारसाहेब," म्हणाला, "आमच्याकडे पदवीवाले आहेत, पण अशी आखणी कुणाची नाही. कुठं शिकलात?" मला जन्मभर कुणीतरी हे विचारावं असं वाटत होतं. म्हणाला, नदीकाठी अजून दोन रानं आहेत, आमची माणसं जाऊन हात हलवत परत येतात, तुम्हाला मात्र लोक आत घेतील. विचार करायला चार दिवस दिले. तेव्हाच नाही म्हणालो असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण ते खोटं होईल. चौथ्या दिवशी सकाळी मी टेप आणि तुझी मोजपट्टी घेऊन त्यातल्या एका रानात गेलो. एकेचाळीस पावलं मोजली. तिथं एक बाई दोरीवर कपडे घालत होती. चिमटा तोंडात धरूनच म्हणाली, "काय हो, मोजताय? विद्यापीठाकडून का? उन्हाळ्याआधी एक पोरगी यायची तुमच्यातली, फार गुणाची. मी म्हटलं तिला, लिही की गं माझं नाव, पण नाहीच लिहिलं. बसा, चहा टाकते." मी चहा घेतला नाही. तिला म्हणालो, नकाशा काढायला कुणी आलं तर हाकलून द्या, अगदी मी आलो तरी. आणि टेप गुंडाळून परत आलो. तर अशी नोंद कर : संधी आली होती, नाकारली. काम, मोजणी आणि आखणी, नकाशावर स्वतःचं नाव घालायची मुभा. राहायला कामगारांच्या वसतिगृहात एकट्याची खोली, दाराला क्रमांक, तोच क्रमांक ओळखपत्रावर छापून. पगार महिना तीन लाख वीस हजार फोरिंट.

तुझाच,
क्रमांक चौदा